नवरा-बायको मिळून बोर्डगेम बनवणं : आमचा ‘घाट’, चिंचोके आणि मुलं झोपल्यावरचा एक तास

सोंगटी (वडगाव, बेळगाव) · सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊनच बसा.

आम्ही दोघं नवरा-बायको गेली दोन वर्षं एक बोर्डगेम बनवतोय. तो उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर असतो, शिफ्ट बदलत असते, मी एका पतसंस्थेत काउंटरवर आहे. मुलगा चौथीत, मुलगी बालवाडीत, सासू-सासरे आमच्याबरोबरच. शेजारी माग आहेत, त्यांची खडखड थांबली, मुलं झोपली, ओटा पुसून झाला, दुधाला विरजण लावलं की मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमचा पट उघडतो. दहा ते अकरा. तेवढाच तास आमचा.

खेळाचं नाव ‘घाट’. तुम्हाला माहितीच आहे की बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते. सासऱ्यांनी आयुष्यभर तीच गाडी मारली, रात्री मार्केटात भरायची आणि उजाडायच्या आत खाली उतरवायची. तर खेळात प्रत्येकाकडे एक भाजीची गाडी, तिच्यात सहा क्रेट मावतात, आणि खाली उतरायला तीन वाटा. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, खानापूर-लोंढ्यावरून अनमोड, नाहीतर लांबचा वळसा घेऊन आंबोलीतून सावंतवाडी. भाजी काय भरायची ते आपण ठरवायचं. कोथिंबीर भरली तर भाव सहा नाणी, पण प्रत्येक फेरीला दोन नाण्यांनी उतरतो कारण ती कोमेजते. रताळी भरली तर भाव दोनच, पण ती कितीही उशीर झाला तरी दोनच राहतात. मध्ये टोमॅटो आणि ढब्बू मिरची. भाज्यांचे, वाट बंद करायचे असे पत्ते हातात असतात. सगळा खेळ एवढ्यावरच आहे, लवकर पोचणार का नाही याचा अंदाज आणि त्या अंदाजावर क्रेट भरणं.

गाडी किती घरं चालणार ते फाशानं नाही, चिंचोक्यांनी ठरतं. चार चिंचोके, एक बाजू घासून पांढरी केलेली, जितके पांढरे तितकी घरं. चारही पांढरे पडले तर चार घरं आणि वर अजून एकदा टाकायचं. चारही काळे पडले तर धुकं, गाडी जागेवर उभी आणि भाजीचा भाव मात्र उतरतो. हे माझ्या आत्यामुळे आलं. लहानपणी खानापुरात नागपंचमीला आम्ही तिच्याकडे चौकाभारा खेळायचो, पाच बाय पाचची घरं खडूनं जमिनीवर काढायची, कवड्या नसल्या तर चिंचोके. चिंचोका पायरीच्या दगडावर घासताना बोटाला चटका बसतो आणि एक भाजका वास येतो, तो वास मला आजही आठवतो.

आता अडचण. आमचं दोघांचं याच चिंचोक्यांवरून वाजलंय. नवऱ्याचं म्हणणं, धुकं फार वेळा पडतं, माणूस विचार करून क्रेट भरतो आणि चिंचोके सगळं पाण्यात घालतात, त्यापेक्षा गाडी चालवायलाही पत्तेच ठेवूया म्हणजे हातात काय आहे ते तरी कळतं. माझं म्हणणं, घाटात हातात काय असतं? आणि मी हिशेब करून दाखवला. चार चिंचोके पडायचे सोळा प्रकार, त्यात दोन पांढरे दोन काळे असे सहा, एक पांढरा असे चार, तीन पांढरे असे चार, सगळे पांढरे एक, आणि सगळे काळे फक्त एक. म्हणजे सोळातून एकदा धुकं. हे फार कसं? तो म्हणतो वहीत सोळातून एकदा असेल, टेबलावर तसं नाही. गेले आठ दिवस आम्ही पट उघडलेला नाही. बोलतो, पण खेळाबद्दल नाही.

इथं अजून कुणी जोडीनं असं काही बनवतं का? खेळच असं नाही, काहीही. ठरवता कसं कुणाचं ऐकायचं? आणि मुलांचं, घरच्यांचं कसं सांभाळता? मला खरंच ऐकायचंय.

निपाणकर · सोमवार, रात्री ११:५२

आधी एक सांगा, खेळायला कधी बोलावताय? कोथिंबीर-रताळ्याची कल्पना फार आवडली. आमच्या घरात भाजीचा धंदा होता, आजी हेच म्हणायची, पालेभाजीवाल्याला झोप नाही.

मारुती_गल्ली · मंगळवार, सकाळी ७:१५

चौकाभाऱ्याची आठवण काढलीत, बरं वाटलं बघा. आमच्यात कवड्यांचा चौका आणि भारा यावरून भांडणं व्हायची, चार उघड्या पडल्या तर चार, सगळ्या पालथ्या पडल्या तर आठ, आणि दोन्हीला परत टाकायला मिळायचं. म्हणजे सगळं पालथं पडणं हे तिथं भाग्य, आणि तुमच्या खेळात तेच धुकं. हे उलटं करायचं कसं सुचलं? जुन्या माणसांना आधी चुकचुकल्यासारखं होईल, पण लक्षात राहील.

भाजीगाडी (वडगाव, बेळगाव) · मंगळवार, दुपारी १:४०

मी वरच्या ताईंचा नवरा. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. हिनं धागा काढलाय हे मला सकाळी मुलानं सांगितलं.

माझी बाजू नीट लिहितो. मी मशीनवर काम करतो, आमच्यात कागदावर माप काही असू दे, पीस मोजल्याशिवाय बोलत नाही. म्हणून आज चार चिंचोके डबीत घालून कामाला घेऊन आलो. प्रत्येक चिंचोका शंभर वेळा टाकला, दोस्तांनी टिंबं मारली. पांढरी बाजू वर शंभरात पन्नासच्या आसपास यायला पाहिजे ना? चारही चिंचोक्यांची चाळिसाच्या आसपासच येतीय. का, ते हातात घेतलं की कळतंय. घासून घासून पांढरी बाजू सपाट झालीय आणि काळी फुगीरच राहिलीय. सपाट बाजूवर चिंचोका जाऊन बसतो, म्हणजे पांढरं खाली, काळं वर.

आता काळं पडायची शक्यता पन्नासाऐवजी साठ धरा. चारही काळे म्हणजे साठ टक्के चार वेळा गुणायचे, ते जवळपास तेरा टक्के होतात. सोळातून एकदा नाही, आठातून एकदा धुकं. हिचा वहीतला हिशेब बरोबर होता आणि मला टेबलावर दिसत होतं तेही बरोबर होतं. चूक चिंचोक्यांची.

यावर उपाय पण सापडला. दोन्ही बाजू सारख्याच घासायच्या, म्हणजे दोन्ही सपाट आणि दोन्ही पांढऱ्या, आणि मग एकीला रंग द्यायचा. आज रात्री करून बघतो. पट उघडायचा का तेवढं सांग.

सोंगटी · मंगळवार, दुपारी २:०५

उघडूया. येताना लाल नेलपॉलिश घेऊन ये, घरातलं वाळलंय.

उन्हाळी_पाऊस · मंगळवार, संध्याकाळी ६:३०

वाचून छान वाटलं, पण एक मनापासून विचारते, राग मानू नका. दोन नोकऱ्या, दोन मुलं, म्हातारी माणसं, आणि त्यात हे. जो एक तास तुम्हाला मिळतो तो मुलांच्या अभ्यासाला किंवा झोपेला नको का? आमच्या घरात नवऱ्याला कॅमेऱ्याचं वेड होतं, त्याच्या वेडात माझी कितीतरी वर्षं एकटीनं मुलं वाढवण्यात गेली. म्हणून विचारते.

सोंगटी · मंगळवार, रात्री ९:५०

ताई, राग कसला, तुम्ही विचारलंत ते बरंच झालं. यावर आमचं खूप बोलणं झालंय आणि चुकाही झाल्यात, त्या सांगते.

पहिली चूक मुलीच्या बाबतीतली. ती तेव्हा तीनची होती. चिंचोके टेबलावर तसेच राहिले आणि सकाळी तिनं एक नाकात घातला. दवाखान्यात जाऊन काढावा लागला. मला त्या दिवशी कामावर काही सुचलं नाही, नोटा दोनदोनदा मोजत होते. तेव्हापासून सगळे छोटे तुकडे झाकणाच्या डब्यात, डबा वरच्या फळीवर, आणि झोपायच्या आधी मोजून ठेवायचं. चार चिंचोके, चार गाड्या, बहात्तर पत्ते, नाणी साठ. मोज जमली नाही तर झोपायचं नाही.

दुसरी चूक मुलाची, आणि ती जास्त लागली. तो खेळतो छान, उतरत्या भावाची वजाबाकी त्याला बोटं न मोडता येते आता. पण आम्ही काय करायचो, तो खेळत असताना मी वहीत लिहीत बसायचे, कुठं अडला, कुठं कंटाळला, किती मिनिटं लागली. आणि मध्येच आम्ही दोघं एकमेकांकडे बघून नियम बदलायचो. एका रविवारी तो म्हणाला, आई, आज टेस्ट नको, आज खेळूया. वही बंद केली मी. त्यानंतर ठरवलं की रविवारी वही काढायचीच नाही आणि मुलांबरोबर ‘घाट’ खेळायचा तर त्यांनी मागितला तरच. नाहीतर कॅरम, नाहीतर गच्चीवर पतंग.

आणि तुम्ही म्हणता तो एक तास. तो आधी आमच्यात नव्हताच. याची शिफ्ट, माझी पतसंस्था, रात्री दोघांच्या हातात दोन फोन. बोलणं म्हणजे गॅस संपला, फी भरायची, आईंच्या गोळ्या. मला कॅमेऱ्याचं एकट्याचं वेड समजतं, ते ओझं होतं दुसऱ्यावर. हे दोघांचं आहे म्हणून जमतंय. याची नाईट असते त्या आठवड्यात पट उघडतच नाही, मी एकटीनं काही बदलायचं नाही असं ठरलेलं आहे. एकदा यानं मला न सांगता टोमॅटोचा भाव बदलला आणि मुलाला तो शिकवला, मग मी आणि मुलगा अर्धा तास वेगवेगळ्या नियमांनी भांडत बसलो. त्यानंतरचा नियम असा, की बदल वहीत लाल पेनानं तारखेसकट लिहायचा, आणि एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला तेच कळत नाही.

अजून एक, साडेदहानंतर एकमेकांच्या कल्पनेला नाही म्हणायचं नाही. दमल्यावरचं नाही फार लागतं. वहीत टिपून ठेवायचं आणि सकाळी चहाला बोलायचं. निम्म्या कल्पना सकाळपर्यंत सुचवणाऱ्यालाच पटेनाशा होतात.

उन्हाळी_पाऊस · मंगळवार, रात्री १०:१०

समजलं. ‘आज टेस्ट नको’ वाचून डोळ्यात पाणी आलं. मुलाला माझ्याकडून एक पतंग.

चंदगडी · बुधवार, सकाळी ८:४०

जोडीनं खेळ बनवणाऱ्यांत जर्मनीचे इंका आणि मार्कुस ब्रांड वाचा. नवरा-बायकोच आहेत, दोन मुलं. त्यांच्या ‘व्हिलेज’ला २०१२ साली तिकडचं केनरश्पील देस यारेस मिळालं, म्हणजे जरा सरावलेल्या खेळाडूंसाठीच्या खेळांचं वर्षातलं मोठं बक्षीस, आणि मग ‘एक्झिट’ मालिकेला २०१७ साली पुन्हा तेच. ‘व्हिलेज’मध्ये एका कुटुंबाच्या पिढ्या असतात, वेळ खर्च करत जायचा आणि म्हातारी माणसं मरतात, त्यांची नावं गावाच्या इतिहासात लागतात. घरात बसून घराबद्दलच खेळ केला त्यांनी. तुमच्या सासऱ्यांच्या गाडीवरून हेच आठवलं.

आणि ‘कॅटान’ हा गाजलेला बोर्डगेम करणारे क्लाउस टॉयबर दातांच्या कवळ्या बनवायच्या कामात होते, खेळ तळघरात करायचे आणि घरच्यांवर आजमावायचे. १९९५ ला कॅटान आला, पण नोकरीधंदा त्यांनी लगेच सोडला नाही, काही वर्षं दोन्ही चालू होतं. तेव्हा घाई करू नका, नोकऱ्या सोडू नका, हे माझं कळकळीचं सांगणं.

पत्त्यांवर लिहिताय कोणत्या भाषेत? आमच्याकडे शिनोळीच्या या बाजूला, महाराष्ट्रात, मराठी चालेल, पण तुमच्या गल्लीत कन्नड पण लागणार.

सोंगटी · बुधवार, रात्री १०:१५

हा प्रश्न कुणीतरी विचारणार होतंच. पत्त्यांवर एकही अक्षर नाही.

आधी होतं. मराठीत लिहिलं होतं सगळं, मी स्वतः सुलेखन केलेलं, मला फार आवडायचं ते. पण शेजारच्या अज्जी कन्नड बोलतात, त्यांचा नातू आणि माझा मुलगा एका बाकावर बसतात, मागल्या घरातली मुलं घरी उर्दू बोलतात. मुलगा प्रत्येक पत्ता त्यांना वाचून दाखवायचा आणि त्यांच्या हातात काय आहे ते सगळ्यांना कळायचं. डावातली मजाच गेली. मग अक्षरं काढली आणि चित्रं काढली. भाव आकड्यानं नाही, नाण्यांच्या गोलांनी दाखवलाय, सहा गोल म्हणजे सहा नाणी. गावांची नावं नाहीत, बेळगाव म्हणजे किल्ल्याचा दरवाजा, कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम म्हणून पाण्याचं कुंड, लोंढा म्हणजे रेल्वेचे रूळ एकमेकांत मिसळलेले, आंबोली म्हणजे धबधबा. बेळगाव लिहायचं का बेळगावी, कोणत्या लिपीत लिहायचं, हा वाद आपल्या भागात किती जिवावरचा आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला मराठी प्राणापलीकडची आहे, पण या पटावर मला अज्जी बसायला हव्या होत्या. नावही म्हणून ‘घाट’. कन्नडमध्ये घट्ट म्हणतात, कोकणीत घाटच, कुणाला सांगावं लागत नाही.

अज्जी आता येतात संध्याकाळच्या. चिंचोके मुठीत घेऊन हलवतात आणि ‘ईग नंद पाळी’, म्हणजे आता माझी पाळी, म्हणून टाकतात. पाळी तिथंही पाळीच.

छापखाना_शहापूर · गुरुवार, दुपारी १२:२०

मी लग्नपत्रिकांच्या छपाईत आहे, तुमच्या धाग्यावर उपयोगी पडेल असं थोडं लिहितो.

पत्ते किती आकाराचे? नेहमीचे ६३ बाय ८८ मिमी ठेवत असाल तर १२ बाय १८ इंची शीटवर ब्लीड (कापताना जाणारी कडेची जादा छपाई) सोडून १८ बसतात. तुमचे ७२ म्हणजे बरोबर चार शीट. ७३ केलेत तर पाचवी शीट लागणार, तेव्हा एखादा पत्ता वाढवायचा मोह आवरा. ३०० जीएसएम आर्ट कार्ड घ्या, लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी करा. एकाच बाजूनं केलं तर आपल्या पावसाळ्यात पत्ता पापडासारखा वळतो. पटाचा ग्रे बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, दोन मिमी पुरे, त्यालाही दोन्हीकडून कागद चिकटवायचा, नाहीतर तोही ओढला जातो.

पाठीवर चौफेर बॉर्डर आखू नका. मशीनवर पुढची आणि मागची छपाई मिलिमीटरभर तरी सरकते, बॉर्डर असली की एका बाजूला जाड एका बाजूला बारीक दिसते आणि पत्ता पाठीवरून ओळखू येतो. कडेपर्यंत भरलेलं नक्षीकाम ठेवा.

सोंगटी · गुरुवार, दुपारी २:३५

अहो नेमकं हेच झालं आमचं! एका ठिकाणी दोन हप्त्यांत छापून घेतले, आधी ३६ आणि पगार झाल्यावर ३६. दुसऱ्या वेळचा पाठीचा हिरवा जरा पिवळसर आला. दाखवलं तर म्हणाले एवढं कुणी बघत नाही. माझ्या मुलानं दुसऱ्याच डावात ओळखलं की पिवळसर पाठ म्हणजे घाटातली वाट बंद करणारा पत्ता. चार हजारांवर पैसे गेले होते, याच्या ओव्हरटाइमचे. तो काहीच बोलला नाही, नुसता पत्ते हातात घेऊन बसला होता, मला ते जास्त लागलं.

छापखाना_शहापूर · गुरुवार, दुपारी ३:१०

सगळे एकाच वेळी छापा, नाहीतर छापूच नका. तोवर साध्या कागदावर प्रिंट काढून जुन्या खेळायच्या पत्त्यांबरोबर प्लास्टिकच्या पाकिटात सरकवा. पाठ जुन्या पत्त्याची राहते, पुढचा कागद हवा तेव्हा बदलता येतो. नियम पक्के होईपर्यंत छापखान्याची पायरी चढायची नाही, हे मी छापखानावाला असून सांगतोय.

कोर्ट_रोड · गुरुवार, रात्री ९:०५

विकायचा विचार असेल तर तीन गोष्टी. खेळायची पद्धत आपल्याकडे पेटंट होत नाही, पेटंट कायदा १९७०, कलम ३ मध्ये ‘एम’खाली स्पष्ट आहे. पण तुमची चित्रं आणि नियमपुस्तिकेतली तुमची वाक्यरचना यावर कॉपीराइट आपोआप असतो, तो कुणाच्या नावावर ते दोघांनी मिळून लिहून ठेवा. नवरा-बायको असलात तरी लिहा, तेव्हाच तर लिहायचं असतं. नावाचा ट्रेडमार्क करायचा तर खेळ वर्ग २८ मध्ये येतात, नुसत्या ‘घाट’ शब्दावर अडेल, चित्रासकट लोगो करा.

दुसरं महत्त्वाचं. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे. घरात खेळायला, मित्रांना द्यायला काही नाही, पण दुकानात ठेवायच्या आधी हे बघून घ्या.

सोंगटी · गुरुवार, रात्री १०:२०

मनापासून धन्यवाद. हे आम्हाला माहितीच नव्हतं. आत्ता विकायचं नाही, वीस डबे करायचे, साडीच्या खोक्यात. शहापूरच्या दुकानांतून रिकामी खोकी मिळतात आणि पट त्याच मापाचा केलाय. कुणाच्या नावावर ते मात्र आजच वहीत लिहिलं, दोघांच्या. सह्या पण केल्या.

नवीन चिंचोके झाले. दोन्ही बाजू घासल्या, एकीला लाल नेलपॉलिश. शंभरदा टाकून बघितले, एक ४८ आला, एक ५३, बाकीचे दोन मधले. धुकं आता लाल झालंय पण चालेल, घाटात लाल दिसलं की थांबायचंच असतं.

आंबोलीचा_जावई · शुक्रवार, सकाळी ११:००

घाट उतरून सावंतवाडीला जाल तेव्हा राजवाड्यात गंजिफा बघून या. दशावतारी गंजिफ्याचे गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा बारा, एकूण १२०, अजून हातानं रंगवतात. त्यावरही अक्षर नसतं, चिन्हं मोजून पत्ता ओळखायचा. तुमच्या भावाच्या गोलांसारखंच.

एक शंका. धुक्यात नुसतं उभं राहायचं हे खेळणाऱ्याला नको वाटतं. त्या फेरीत त्याला करायला काहीच नाही. नियम बरोबर असला तरी माणूस रिकामा बसतो आणि फोन काढतो.

भाजीगाडी · शुक्रवार, दुपारी १:३०

हे मात्र खरं आहे. चिंचोके सुधारले तरी हे राहतंयच. चहाचा थांबा करून बघितला, एक नाणं देऊन एक चिंचोका उलटवायचा. पण मग ज्याच्याकडे नाणी जास्त तोच पुढे जातो, मागचा मागंच. विचार चालूय.

सोंगटी · रविवार, रात्री १०:४५

सगळ्यांना सांगायचंच होतं म्हणून मुलं झोपल्या झोपल्या लिहायला बसले.

माझे सासरे खेळत नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी गाडी सोडली आणि बोलणंही कमी केलं. संध्याकाळी आम्ही खेळत असलो की पलीकडे खुर्चीत बसतात, तोंड खिडकीकडे. दोन वर्षांत त्यांनी खेळाबद्दल एक शब्द काढला नव्हता. मला वाटायचं त्यांना हे पोरखेळ वाटत असणार, ज्या कामानं त्यांची कंबर गेली त्याचा आम्ही खेळ केला म्हणून कदाचित वाईटही वाटत असेल. विचारायचं धाडस झालं नाही.

आज रविवार, वही बंद. मुलगा, अज्जी, अज्जींचा नातू आणि मी. चोर्ल्याच्या वाटेवर मुलाची गाडी, तिच्या पुढच्याच घरात अज्जींची. मुलाला चारही लाल पडले. तो म्हणाला, धुकं, थांबलो. आणि खुर्चीतून आवाज आला, ‘थांबतंय कोण?’

आम्ही सगळे वळलो. ते म्हणाले, ‘धुक्यात थांबलं तर मागनं येणारा ठोकतोय. पुढच्या गाडीचा लाल दिवा धरायचा आणि मागनं मागनं जायचं. त्यानं ब्रेक मारला की आपणबी मारायचा. पुढं कोणच नसेल तरच बाजूला घ्यायची आणि उजाडंपर्यंत बसायचं.’

मुलानं विचारलं, म्हणजे अज्जी जाईल तेवढं मी जाऊ? ते म्हणाले, ‘तेवढंच. जास्त नाही.’

मग त्यांनी खुर्ची ओढली. कणकुंबीच्या पुढं एक वळण होतं तिथं रात्री तीन वाजता पाच पाच गाड्या एकामागं एक लागायच्या, पहिल्या गाडीवाल्याला बाकीचे खाली पोचल्यावर चहा पाजायचे, कारण त्याला धरायला दिवा नसायचा, सगळा जीव त्याच्या डोळ्यांत. हे त्यांच्या मुलानंही कधी ऐकलं नव्हतं. तो दारात उभा राहून ऐकत होता.

तर नियम आता असा. धुकं पडलं आणि तुमच्या वाटेवर लगेच पुढच्या घरात कुणाची गाडी असेल, तर तिचा दिवा धरायचा, पुढच्या पाळीला ती जितकी घरं जाईल तितकीच तुम्ही. आणि खाली पोचल्यावर तिला एक नाणं द्यायचं, चहाचं. पुढं कुणी नसेल तर थांबायचं. बाकी काही बदललं नाही, एकच बदल, लाल पेनानं लिहिलाय. रविवार होता तरी वही काढली मी. मुलानंच आणून दिली.

दोन डाव झाले यावर. पुढं असण्याला आता किंमत आली, मागच्याला आशा आली, आणि ज्याला धुकं पडलं तो पुढच्याच्या चिंचोक्यांकडे डोळे लावून बसतो, फोन कुणी काढत नाही. आंबोलीचे जावई, तुमच्या शंकेमुळे आम्ही दोन दिवस त्यावर बोलत होतो, ते बहुतेक त्यांच्या कानावर पडत होतं.

निपाणकर · रविवार, रात्री ११:०२

चहाचं नाणं! वा. पुढच्या रविवारी मी येतोय, पत्ता व्यक्तिगत संदेशात पाठवा. येताना भडंग आणतो.

चंदगडी · सोमवार, सकाळी ७:५०

वीस डब्यांतला एक माझ्यासाठी धरा. वडिलांना दाखवायचाय, त्यांनी पण आंबोलीची वाट मारलीय.

सोंगटी · मंगळवार, रात्री १०:०५

दोघांचे डबे धरले. आता एक प्रश्न, छापखानावाल्या दादांना किंवा ज्याला लाकूडकाम, रंगकाम कळतं त्याला.

आमच्या चार गाड्या लाकडाच्या आहेत, ओळखीच्या सुतारानं तुकड्यांतून कापून दिलेल्या, अजून पॉलिश केलेलं नाही. काल रात्री पट काढला तर चारही गाड्यांच्या मागं नेलपॉलिशचे दोन दोन लाल ठिपके. सासऱ्यांनी दुपारी बसून दिलेत, आईंनी सांगितलं. जरा वेडेवाकडे आहेत, एका गाडीचा एक ओघळलाय. ते तसेच्या तसे राहायला हवेत. वरून पॉलिश मारलं तर निघतील का?

छापखाना_शहापूर · मंगळवार, रात्री १०:३०

एनसी लॅकर (नायट्रोसेल्युलोजचं लाकडाचं पॉलिश) मारू नका, त्यातल्या थिनरनं नेलपॉलिश विरघळतं, दोन्ही एकाच जातीचं असतं. पाण्यातलं क्लिअर वॉर्निश आणा, मऊ ब्रशनं एकदाच पातळ हात द्या, ठिपक्यावरून ब्रश परत फिरवू नका. आधी दुसऱ्या एखाद्या तुकड्यावर ठिपका देऊन, वाळवून, मारून बघा. आणि ते ओघळलेलं खरडू नका.